उंदराने राजाला भिकारी म्हटलं, तेव्हा संस्कार कुणी विचारले होते?

सूचना : पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. व्हॅटचं रिटर्न २८ तारखेच्या आत भरून झालंय, नवरा भाजी आणायला गेलाय, आणि माझ्याकडे एक मोकळी रविवार सकाळ आणि दोन आठवड्यांचा साठलेला राग आहे.

तर झालं असं. आमच्या इथे एका वार्षिक कार्यक्रमाची तयारी चालू आहे. कुठला, कुणाचा, ते विचारू नका. तुमच्याकडेही असाच होतो, त्यामुळे वाचताना तुम्हाला तुमचीच समिती दिसेल. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या पाच-सहा पोरांनी, वय वर्षं आठ ते तेरा, स्वतः बसून पंधरा मिनिटांचं एक नाटुकलं लिहिलं. मराठीत. कुणीही सांगितलेलं नसताना. हे वाक्य परत वाचा, कारण परदेशात मूल वाढवणाऱ्या माणसाला त्याची किंमत कळेल.

गोष्ट अशी. आटपाट नगरची राजकन्या एक राक्षस पळवून आणतो. का? तर राक्षस इथे एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो, भाड्याचे चार चेक दिलेले आहेत आणि तिसरा चेक वटणार नाही अशी त्याला भीती आहे. राजाकडून खंडणी घ्यायची आणि भाडं भरायचं, असा त्याचा साधा हिशेब. राजकन्या रडतबिडत नाही. ती त्याचं बँक स्टेटमेंट मागते, बघते आणि म्हणते, "राक्षसा, तुझा अर्धा पगार बाहेरून जेवण मागवण्यात जातो." तिकडे राजकुमार पांढऱ्या घोड्यावर बसून शारजाहून निघालेला असतो. तो ट्रॅफिकमध्ये अडकतो. पोचतो तर घोडा लावायला पार्किंग नाही. तीन चकरा मारतो. राजा मधून मधून बॉटिमवर फोन करतो आणि दर वेळी फक्त "आवाज येतोय का? हॅलो, आवाज येतोय का?" एवढंच बोलतो. शेवटी राजकुमार तलवार उपसून आत येतो, तेव्हा राजकन्या आणि राक्षस मिळून डब्यांचा व्यवसाय सुरू करून बसलेले असतात. तो म्हणतो, "राजकन्ये, मी तुला सोडवायला आलोय!" ती म्हणते, "आधी घोडा हलव, दंड पडेल."

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

समिती हसली नाही. म्हणजे एक-दोघं हसले, पण इकडेतिकडे बघून थांबले. मग एक काका म्हणाले, "अहो वहिनी, राजा-राणीची अशी टिंगल बरी दिसत नाही." एक ताई म्हणाल्या, "मुलांना आधीच आपलं काही माहीत नसतं, त्यात हे थिल्लर. काहीतरी संस्काराचं बसवा ना." आणि शेवटी निकाल लागला : जेवणाच्या आधी वेळ उरला तर सात मिनिटं. आपल्या कार्यक्रमांत जेवणाच्या आधी वेळ कधी उरलाय? तुम्ही सांगा.

मी तिथे काय बोलले? काही नाही. साबुदाणा वडा खाल्ला आणि घरी आले. म्हणून ही पोस्ट.

आता मुद्द्यावर येते.

समितीचा पहिला आक्षेप, राजाची टिंगल. मला एक सांगा, तुमच्या आजीने तुम्हाला उंदराच्या टोपीची गोष्ट सांगितली होती की नाही? उंदराला कापडाचा तुकडा सापडतो. तो धोब्याकडून धुऊन घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून घेतो, तिला गोंडे लावून घेतो. मग टोपी घालून, ढोल वाजवत राजाच्या वाड्यासमोर जातो आणि माझी टोपी राजापेक्षा छान आहे असं गावभर सांगतो. राजा चिडतो, शिपाई पाठवून टोपी काढून घेतो. उंदीर ढोल वाजवत सांगतो, राजा भिकारी आहे, त्याने माझी टोपी घेतली. राजाला लाज वाटते, तो टोपी परत करतो. उंदीर पुन्हा ढोल वाजवतो, की बघा, राजा मला घाबरला!

अकाउंटंटच्या नजरेने बघा. टोपी घेतली तरी तोटा राजाचा, दिली तरी तोटा राजाचा. नोंद कुठल्याही बाजूला करा, ताळेबंदात राजा मूर्खच निघतो. सत्तेची एवढी स्वच्छ फजिती करणारी गोष्ट आपण महाराष्ट्रात कुणाला सांगतो? तीन वर्षांच्या मुलाला, वरणभात भरवताना. शेकडो आज्यांनी सांगितली. एकीनेही "राजाबद्दल असं बोलू नये हं बाळा" असं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आणि भोपळ्यातल्या म्हातारीला कुठला राजकुमार सोडवायला आला होता? वाघाला, कोल्ह्याला तिने स्वतःच गुंडाळलं. म्हणजे आमच्या पोरांनी जे केलं ती काही परदेशी फॅशन नाही. ती आपलीच वडिलोपार्जित मिळकत आहे. फक्त वारसांना कुणी कागद दाखवले नाहीत.

दुसरा आक्षेप, संस्कार. आपल्या तमाशाचा क्रम आठवा. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गवळण, त्यात खुद्द कृष्णाला मावशीकडून टोमणे. मग बतावणी, मग वग. वगात राजा, प्रधान, कोतवाल, आणि त्या सगळ्यांची भर दरबारात टोपी उडवणारा सोंगाड्या. वंदन आणि थट्टा, एकाच रात्री, एकाच मंचावर, आणि दोन्ही बघायला तीच माणसं. 'गाढवाचं लग्न' या वगात तर गाढवाचं लग्न थेट राजकन्येशी लागतं. १९६५ मध्ये वसंत सबनीसांनी तोच घाट घेऊन 'विच्छा माझी पुरी करा' लिहिलं, दादा कोंडक्यांनी ते गाजवलं, आणि शहरातली पांढरपेशी मंडळी तिकीट काढून राजाची फजिती बघायला बसली. त्यातल्या कुणाची संस्कृती बुडाली?

ते मोठ्यांसाठी होतं म्हणाल. बरं, मुलांचं बघू. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत 'लिटल थिएटर' सुरू केलं ते रत्नाकर मतकरींच्या 'मधुमंजिरी'ने. १९६२ मध्ये मतकरींनी पत्नी प्रतिभाताईंबरोबर स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था काढली. त्यांच्या नाटकांची नुसती नावं वाचा : 'निम्मा शिम्मा राक्षस', 'राजकन्येची सावली हरवली', 'सरदार फाकडोजी वाकडे', 'अलीबाबाचं खेचर आणि एकोणचाळिसावा चोर'. शेवटचं नाव परत वाचा. सगळं जग अलीबाबा आणि चाळीस चोरांकडे बघत असताना हा माणूस खेचराला विचारतोय, तुझं काय म्हणणं आहे? 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली, आणि २०१८ मध्ये ते नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगलेंनी. चांगले मुरलेले नट लुगडं नेसून, नाक लावून पोरांना घाबरवतात आणि हसवतात, आणि थिएटर भरतं. विजय तेंडुलकर, ज्यांचं नाव आपण फार गंभीर चेहऱ्याने घेतो, त्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या एका नाटकाचं नाव आहे 'राजाराणीला घाम हवा'. घाम! राजाराणीला!

आणि एक गोष्ट खास माझ्या व्यवसायातल्या मंडळींसाठी. मतकरी अर्थशास्त्राचे पदवीधर. वीस वर्षं, १९७८ पर्यंत, त्यांनी बँक ऑफ इंडियात नोकरी केली. म्हणजे दिवसा बँक आणि उरलेल्या वेळात राक्षस. तेव्हा "आम्हाला नोकरीमुळे वेळ नाही हो" हे निदान माझ्यासमोर म्हणू नका. मी स्वतःही म्हणत होते, म्हणून सांगते.

आता जरा अवघड भाग. इथे आरोपी समिती नाही, मी आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. लेक आठ वर्षांची. ठाण्याहून आजी बॉटिमवर. आजीने तीच उंदराची टोपी सांगितली. पोरगी खुदखुदत होती. मध्येच तिला काहीतरी सुचलं आणि ती म्हणाली, "आजी, मग राजा म्हणाली, उंदीर, तुझा टोपीला रिटर्न पॉलिसी आहे का?"

आठ वर्षांच्या मुलीने, दुबईत जन्मलेल्या, मराठीत केलेला पहिला स्वतःचा विनोद. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "राजा म्हणाली नाही गं, म्हणाला. आणि तुझा टोपीला नाही, तुझ्या टोपीला."

ती थांबली. मग पुढचं सगळं इंग्रजीत बोलली, भराभर. आजीला त्या वेगातलं इंग्रजी कळत नाही. ती तोंडदेखलं हसली. फोन ठेवला. त्यानंतर तीन वर्षं त्या मुलीने मराठीत एकही विनोद केला नाही. मराठी बोलते. विचारलं तर उत्तर देते. शनिवारच्या मराठीच्या वर्गाला जाते, श्लोक म्हणते. पण हसायचं असलं की भाषा बदलते. जोडा उंबऱ्याबाहेर काढून ठेवावा तशी मराठी बाजूला काढून ठेवते.

मागच्या महिन्यात मी एक प्रयोग केला. एका गुरुवारी संध्याकाळी पाच ते दहा, मी लेकीशी मराठीत बोललेलं प्रत्येक वाक्य कागदावर नोंदवलं. सवयच आहे आम्हाला. एकूण वाक्यं ४१. त्यात २९ हुकूम : आवर, जेव, ठेव तो आयपॅड, आजीशी बोल, नीट बस. आठ प्रश्न, ज्यांचं उत्तर हो किंवा नाही. तीन ओरडे. एक वाक्य आमटीबद्दल. विनोद शून्य.

हा माझ्या घरातल्या मराठीचा खरा ताळेबंद. मुलं हसतात इंग्रजीत आणि ओरडा खातात मराठीत. मग मोठी झाल्यावर ती कुठल्या भाषेत राहतील? तुम्हीच सांगा, ज्या ऑफिसात फक्त मेमो मिळतात तिथे तुम्ही किती वर्षं टिकलात?

आणि हो, शिवरायांचा प्रसंग यंदाही होणार आणि व्हायलाच हवा. त्याला माझा विरोध नाही, कुणी कमेंटमध्ये तसं चिकटवू नका. (त्याची तालीम मोगल क्लस्टरमधल्या एका घरी चालते. हा विनोद माझा नाही, बिल्डरचा आहे.) पण खरं बोलू या. मुलं ते संवाद रोमन लिपीत लिहून पाठ करतात. तीन वर्षं मावळा झालेल्या एका मुलाने मला परवा विचारलं, "काकू, गनिमी कावा म्हणजे काय?" त्याने तीन वर्षं ते शब्द छाती फुगवून म्हटले, आपण टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ गावी पाठवले. पाठ केलेलं वाक्य न कळता म्हणता येतं. विनोद न कळता करता येत नाही. म्हणून भाषा आली की नाही याची परीक्षा घ्यायची असेल तर विनोदासारखी दुसरी नाही. तिथे कॉपी चालत नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या मैत्रिणींशी दोन शब्द. होय, तुमच्याशीच. ज्या म्हणतात, "आम्ही राजकन्येच्या गोष्टी घरात आणतच नाही. कुणीतरी येऊन सोडवेल म्हणून मुली वाट बघायला शिकतात." हेतू कळतो मला. मीही हे म्हटलंय. आणि शाळेच्या लायब्ररीतून लेकीने रॉबर्ट मंचचं 'द पेपर बॅग प्रिन्सेस' आणलं तेव्हा मलाही आनंदच झाला. १९८० चं पुस्तक. ड्रॅगन राजवाडा उद्ध्वस्त करतो, राजपुत्राला उचलून नेतो. राजकन्येकडे घालायला फक्त कागदी पिशवी उरते. तीच अंगात घालून ती जाते, ड्रॅगनला स्तुती करून करून दमवते, राजपुत्राला सोडवते. आणि तो शहाणा म्हणतो, किती गबाळी दिसतेस, नीट कपडे करून ये. ती त्याला चार शब्द सुनावते आणि निघून जाते. लग्नबिग्न काही नाही. फार छान पुस्तक आहे, आणा.

पण हे पुस्तक विनोदी कुणाला वाटतं? ज्याला रेशमी कपड्यातली, वाट बघणारी राजकन्या आधी माहीत आहे त्याला. आम्ही ऑडिट करतो ना, तेव्हा आधी वह्या लागतात. वह्याच नसतील तर तपासणार काय? विडंबनही तसंच. स्पेनमध्ये सर्व्हान्तेसने १६०५ मध्ये डॉन किहोते लिहिला तो सरदारांच्या पराक्रमकथा वाचून वाचून डोकं फिरलेल्या माणसाचा. त्या कथा लोकांना तोंडपाठ होत्या म्हणून लोक हसले. 'श्रेक' २००१ साली आला तेव्हा आपण हसलो, कारण सिंड्रेला-स्नोव्हाइट आपल्याला ठाऊक होत्या. आपल्या मुलांकडे इंग्रजीतली मूळ गोष्टही आहे आणि तिची चेष्टाही आहे. मराठीतलं दोन्हीही नाही. मूळ गोष्ट आपण "जुनाट" म्हणून बंद केली आणि चेष्टा "थिल्लर" म्हणून. मग उरलं काय? ४१ वाक्यं.

मागच्या श्रावणात मी लेकीला आवडती आणि नावडती राणीची कहाणी सांगितली. सगळी, जशी माझ्या आजीने सांगितली तशी, काही न गाळता. नावडतीला जाडंभरडं नेसायला, उष्टंमाष्टं खायला, राहायला गोठा. ती व्रत करते, देव प्रसन्न होतो, राजा परत येतो, सुफळ संपूर्ण. लेक थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आई, तिला देव भेटला होता ना? मग तिने राजाच परत का मागितला?"

मी ही कहाणी चाळीस वर्षं ऐकतेय. मला हा प्रश्न पडला नव्हता. गोष्ट घरात आणलीच नसती तर हा प्रश्न कुठून आला असता? आणि पहिल्यांदाच तिने मला मराठीत न अडखळता, वाद घालायच्या सुरात काहीतरी विचारलं होतं. व्याकरण बरोबर होतं की नाही, देवाशपथ आठवत नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी हे नाटुकलं आलं. बँक स्टेटमेंट मागणारी राजकन्या कुठून आली ते वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, आणि ते मी समितीला लेखी देणार आहे.

एक. मुलांच्या नाटुकल्याला पूर्ण पंधरा मिनिटं, जेवणाच्या आधी, माइक चालू असताना आणि लोक खुर्च्यांवर असताना. "वेळ उरला तर" नाही. प्रायोजकांच्या सत्काराला वेळ उरला तर असं आपण कधी म्हणतो का?

दोन. समितीने संहिता बघावी, जरूर बघावी. कुणाची जात, रंग, शरीर यावर विनोद असेल तर काढायला लावावा, त्यात मी तुमच्याबरोबर आहे. पण राजाला हसलं म्हणून काढू नये. राजाला सवय आहे. उंदरापासून आहे.

तीन, आणि हे आपण पालकांसाठी. आठवड्यातून एक रात्र, एक मूळ गोष्ट, मराठीत, पूर्ण. चिमणी-कावळा, भोपळा, टोपी, आवडती-नावडती, अगदी कापूसकोंड्याची सुद्धा, जी मुळात गोष्ट ऐकायला बसलेल्याचीच थट्टा आहे. मग मुलाला सांगा, आता तू ती बिघडव. राजाला स्कूल बसमध्ये बसव. राक्षसाचा व्हिसा संपव. काहीही करू दे. आणि बिघडवत असताना तोंड मिटून बसा. राजा म्हणाली तर म्हणू दे. लिंग-वचन उद्या सकाळी दुरुस्त होतं. अर्ध्यात थांबवलेला विनोद परत येत नाही. माझ्याकडे तो परत यायला तीन वर्षं लागली, आणि यायलाच हवा असं काही नव्हतं.

तुमच्या मुलांनी गोष्ट कशी बिघडवली ते खाली लिहा, मी प्रत्येक कमेंट वाचणार आहे. आणि काका, तुम्ही ही पोस्ट वाचत असाल, तर राग मानू नका. तालमीला या. शनिवारी पाच वाजता, आमच्या हॉलमध्ये. ठाण्याची आजीसुद्धा फोनवर असेल. तिला राजाचं काम दिलंय. "आवाज येतोय का?" हे वाक्य ती सगळ्यांपेक्षा चांगलं म्हणते.

ता. क. घोड्यासाठी पुठ्ठ्याचे दोन मोठे खोके हवे आहेत. फ्रिजचे असतील तर उत्तम. कुणाकडे असतील तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन. फक्त तुमच्या बिल्डिंगजवळ पार्किंग कुठे मिळतं तेवढं कळवा.